शंभर किक्कार रुप्याचा प्रश्न

शास्त्रपाठ : २ इतिहास, अध्याय २५. सोबत २ राजे १४:१–२० वाचावे.

यहूदाच्या राजांचे वृत्तांत शास्त्रात कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. राजा गादीवर बसला तेव्हा त्याचे वय काय होते, त्याने किती वर्षे राज्य केले, त्याच्या आईचे नाव काय, इतके सांगून झाले की लेखक एका वाक्यात त्याचा निकाल देतो. कोणी देवाच्या दृष्टीने बरे वागला, कोणी वाईट वागला. हिज्कीया व योशीया यांची नावे आपण पहिल्या यादीत घालतो, आहाज व आमोन यांची दुसऱ्या यादीत. परंतु अमस्या राजाचे नाव कोठे घालावे ही अडचण पडते. तो २५ वर्षांचा असता राजा झाला व त्याने यरुशलेमेत २९ वर्षे राज्य केले. त्याच्याविषयीचा निकाल असा आहे की, त्याची वर्तणूक बरी होती खरी, पण तीत त्याचे सगळे मन नव्हते (वचन २).

शेतकरी वाचकांस हा निकाल समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. एखादा बैल जू मानेवर घेतो, पाऊलही टाकतो, पण ओढीत नाही. जोडीदाराच्या बळावर चालतो. बांधावरून पाहणाऱ्यास दोन्ही बैल सारखेच वाटतात. औत धरणाऱ्यास मात्र पहिल्या तासातच कळते. अमस्याचे बरे वागणे या जातीचे होते, आणि हा अध्याय म्हणजे ते कसे उघडकीस आले याचा वृत्तांत आहे.

आरंभी त्याने जे केले ते हलके लेखू नये. त्याचा बाप योवाश याला त्याच्याच चाकरांनी बिछान्यावर ठार मारिले होते. राज्य हाती दृढ झाल्यावर अमस्याने त्या चाकरांस देहान्त शासन केले, परंतु त्यांच्या मुलांस हात लाविला नाही. कारण बापाच्या पापासाठी मुलाने मरू नये अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे (अनुवाद २४:१६). त्या काळच्या राजदरबारांत वैऱ्याचे घराणे समूळ कापून काढणे हीच शहाणपणाची गोष्ट समजत असत. आज मूल आहे, उद्या सूड घेईल, असे सांगणारे मंत्री अमस्याच्याही भोवती असतीलच. तरी त्याने शास्त्र मानिले. आमच्या गावांतील भाऊबंदकीत आजोबांच्या बांधाचे भांडण नातवाच्या लग्नापर्यंत चालविणारे ख्रिस्ती लोक आहेत. त्यांनी या राजापाशी बसून एक धडा घ्यावा, मग त्याच्या उणिवा मोजाव्या.

पुढे त्याने अदोमावर स्वारी करावयाचे योजिले. यहूदा व बन्यामीन यांतील २० वर्षांचे व त्यांहून अधिक वयाचे पुरुष मोजले, ते ३,००,००० भरले. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. उत्तरेकडील इस्राएलाच्या राज्यातून त्याने आणखी १,००,००० वीर भाड्याने आणिले आणि त्यांसाठी १०० किक्कार रुपे मोजून दिले. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. शेकेल आपल्या तोळ्याच्या जवळपास असे. म्हणजे दर शिपायामागे तीन शेकेल, सुमारे तीन तोळे रुपे पडले. एका माणसाचा विचार केला तर रक्कम थोडी, पण राजाच्या खजिन्यातून ती एकदम गेली तेव्हा डोंगराएवढी. निर्गमाच्या ३८ व्या अध्यायात निवासमंडपाचा हिशेब दिला आहे तोही येथे पाहण्याजोगा आहे. पवित्रस्थानाच्या व पडद्याच्या बैठका ओतण्यास रानातील इस्राएलाला बरोबर १०० किक्कार रुपे लागले होते (निर्गम ३८:२७). जेवढ्यावर देवाचे घर उभे राहिले, तेवढे अमस्याने आपली भीती घालविण्यासाठी खर्चिले.

तेव्हा देवाचा एक माणूस त्याजकडे आला. त्याचे नाव शास्त्राने दिलेले नाही. त्याने राजास सांगितले की, इस्राएलाचे हे सैन्य बरोबर नेऊ नको, कारण देव त्यांच्या बाजूस नाही. साहाय्य करणे व पाडणे ही दोन्ही देवाच्या हाती आहेत. यावर अमस्याने जो प्रश्न केला तो सर्व शास्त्रातील अत्यंत मनुष्यस्वभावी प्रश्नांपैकी एक आहे. ‘तुझे म्हणणे खोटे’ असे तो बोलला नाही, किंवा ‘मी ऐकत नाही’ असेही नाही. त्याने एवढेच विचारिले की, त्या १०० किक्कारांचे काय करू? ते तर देऊन चुकलो (वचन ९).

बंधुभगिनींनो, या प्रश्नापाशी थोडे थांबू या, कारण तो आपल्या मंडळ्यांत नित्य विचारिला जातो, मात्र मोठ्याने नव्हे. मुलीची सोयरीक ठरली, सुपारी फुटली, हुंड्याची अर्धी रक्कम वरपक्षाच्या हाती गेली. मग उपासनेत पाळकाने हुंड्यावर उपदेश केला. बापाने मान हालविली. गोष्ट खरी आहे हे त्यास कबूल. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे ठरले आहेत हेही त्यास ठाऊक. पण दिलेल्या रकमेचे काय? दुसऱ्या घरी धनी हातभट्टी लावतो. गूळ आणिला, नवसागर आणिला, पिंपे आणिली, तीही व्याजाच्या पैशाने. तो म्हणतो, ‘पाळकसाहेब, एवढी खेप होऊ द्या, भांडवल निघू द्या, मग हात लावणार नाही.’ तो लबाड आहे असे नव्हे. तो खरोखर सोडणार आहे. केवळ तोटा न लागता सोडणार आहे. आणि उपदेशक बंधूंनो, आपणही यातून सुटलो नाही. मंडळीत ज्याचे दानार्पण सर्वांत मोठे, ज्याच्या ओसरीवर प्रार्थनासभा भरते, त्याच्या घरातील उघड पापाविषयी बोलावयाचे झाले की आपल्या ओठांवरही हाच प्रश्न येतो. तो माणूस गेला तर छपराच्या पत्र्यांचे काय? एक वर्षभर आपण त्या विषयावर उपदेशच करीत नाही, आणि इतर विषयांवर फार चांगले उपदेश करितो.

देवाच्या माणसाने राजास या प्रश्नाबद्दल रागे भरिले नाही, हे ध्यानात ठेवावे. तोटा दिसणे हे पाप नव्हे. ज्यास आज्ञा मोडणे व पाळणे यांतील खर्चाचा फरकच दिसत नाही त्याने आज्ञा नीट ऐकिली नसेल. त्याने एवढेच उत्तर दिले की, याहून पुष्कळ अधिक तुला देण्यास परमेश्वर समर्थ आहे. रुपे परत मिळेल असे वचन नाही, कधी मिळेल याची तिथी नाही. केवळ देणारा कोण आहे हे त्याने दाखविले. आणि अमस्याने ऐकिले! एक लाख शिपायांस त्याने घरोघर वाटे लाविले. येथवर वाचून कोणासही वाटेल की निकाल लिहिणाऱ्याची काही चूक झाली. याहून पूर्ण मनाचे आज्ञापालन ते कोणते?

परंतु अध्याय येथे संपत नाही. निरोप दिलेले शिपाई संतापाने लाल झाले. मजुरी घेतली होती तरी लढाईतील लूट गेली, अपमान झाला तो वेगळाच. त्यांनी परत जाताना शोमरोनापासून बेथ-होरोनापर्यंतच्या यहूदाच्या नगरांवर घाला घातला, ३,००० माणसे मारिली आणि पुष्कळ लूट नेली (वचन १३). पुष्कळ उपदेशक हे वचन गाळून पुढे जातात असे माझ्या पाहण्यात आले आहे. मला वाटते की आपल्या लोकांपुढे हेच वचन अगोदर ठेवावे. राजाने आज्ञा पाळिली, आणि त्यामुळे १०० किक्कार तर गेलेच, वर गावेही लुटली गेली. जे मेले त्यांस या सौद्याची वार्ताही नसेल. शास्त्र ही गोष्ट लपवीत नाही, मग आपण का लपवावी? जो उपदेशक नवीन विश्वासणाऱ्यास सांगतो की, तू देवाची आज्ञा पाळ म्हणजे तुझी म्हैस मरणार नाही, विहिरीस पाणी लागेल आणि सावकार तुझ्या दारी येणार नाही, तो त्यास सुवार्ता सांगत नाही. तो त्यास नवस शिकवितो. पहिली म्हैस मेली की असा विश्वास गावाबाहेरच्या जुन्या देवळाची वाट धरितो, आणि मग आपण त्या मनुष्यास दोष देतो.

या नुकसानीने अमस्याच्या मनात काय झाले ते लिहिलेले नाही. पण मागून त्याने इस्राएलाच्या राजाशी जे विनाकारण वैर काढिले त्यावरून असे वाटते की, ते रुपे व ती लुटलेली गावे तो विसरला नव्हता. त्याने आज्ञा पाळिली, पण हिशेब उघडा ठेविला. मराठीत आपण ‘हातचे राखून’ म्हणतो. शाळेतील पोरे बेरीज करिताना एक हातचा ठेवितात आणि पुढच्या घरात मिळवितात. अमस्याने देवाच्या आज्ञेचे घर पुरे भरिले असे दिसले, पण एक हातचा ठेविला तो ठेविलाच.

इकडे लढाईत त्यास जय मिळाला. क्षार खोऱ्यात सेईराचे १०,००० लोक पडले. आणखी १०,००० जिवंत धरिले होते त्यांस यहूदाच्या लोकांनी कड्यावर नेऊन खाली ढकलून दिले. असे करण्याची आज्ञा देवाने दिल्याचे या अध्यायात कोठेही नाही. वैऱ्याच्या लेकरांस ज्याने शास्त्रासाठी वाचविले त्याच राजाच्या सैन्याचे हे कृत्य आहे. एका बाबतीत देवाचे वचन बारकाईने पाळावयाचे आणि दुसऱ्या बाबतीत ते विचारावयाचेही नाही, हा हातच्याचाच प्रकार.

मग ती गोष्ट घडली जिचे वाचणाऱ्यास नवल वाटावे. अमस्याने सेईरी लोकांचे देव आपल्याबरोबर आणिले, त्यांस आपले देव म्हणून स्थापिले, त्यांच्या पाया पडला व त्यांपुढे धूप जाळिला (वचन १४). दावीदाच्या हाती पलिष्ट्यांचे देव लागले होते तेव्हा त्याने ते जाळून टाकण्यास सांगितले (१ इति. १४:१२). अमस्याने ते घरी आणिले. भय असेल की, जिंकलेल्या देशाचे देव रुसतील, त्यांची समजूत घालावी. किंवा अदोम हाती राहावयाचा तर तेथले दैवतही हाती असावे असा धोरणी विचार असेल. परमेश्वराचे मंदिर त्याने बंद केले नाही. त्याने केवळ आणखी एक खोली उघडिली.

आमच्यातही अशा खोल्या आहेत. बाप्तिस्मा झाला, नाव पुस्तकात लिहिले, दर रविवारी उपासनेस येणे आहे. पण मूल आजारी पडले की रात्री अंगारा आणविला जातो, आणि सकाळी पाळकास प्रार्थनेकरिता बोलाविणे जाते. कोणत्या उपायाने गुण आला हे घरात कोणी विचारीत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शेजाऱ्यांच्या देवळाची टिंगल करणे म्हणजे पूर्ण मनाने परमेश्वरास मानणे नव्हे; तसे करणारे कित्येक आपल्या घरात दोन दगडांवर पाय ठेवून असतात, आणि बाहेरची आरडाओरड ही आतल्या डळमळीवर घातलेली शाल असते. प्रश्न शेजाऱ्याचा नाही. ज्याने १०० किक्कार परमेश्वराच्या शब्दावर सोडिले, त्याने जयाच्या दिवशी दुसऱ्यापुढे धूप का जाळावा, हा प्रश्न आहे.

परमेश्वराने पुन्हा एक संदेष्टा पाठविला. कोप पेटला असतानाही अगोदर माणूस पाठविला, ही त्याची दया. संदेष्ट्याचा प्रश्न सोपा होता. जे देव आपल्याच लोकांस तुझ्या हातून सोडवू शकले नाहीत त्यांच्या मागे तू का लागलास? राजाने त्याचे बोलणे पुरे होऊ दिले नाही. तुला राजाचा मंत्री कोणी केले, असे त्याने विचारिले, आणि गप्प न बसल्यास मार मिळेल अशी धमकी दिली. संदेष्टा थांबला, पण जाताना एवढे बोलून गेला की, तू माझा सल्ला ऐकिला नाहीस यावरून तुझा नाश देवाने ठरविला आहे असे मला कळले (वचन १५, १६).

माझ्या मते सर्व अध्यायाचे मर्म या दोन भेटींत आहे. पहिल्या भेटीच्या वेळी अमस्या लढाईच्या तोंडाशी उभा होता. त्यास भय होते, तेव्हा देवाचा शब्द त्यास हवा होता. दुसऱ्या भेटीच्या वेळी तो विजयी होता आणि त्यास कोणाची गरज उरली नव्हती. पहिल्या शब्दाने त्याचे रुपे मागितले, ते त्याने दिले. दुसऱ्या शब्दाने त्याचे मन मागितले, तेव्हा त्याने दार लाविले. राजांच्या पुस्तकात त्याच्याविषयी म्हटले आहे की तो बरा वागला, तरी आपला पूर्वज दावीद याच्यासारखा वागला नाही (२ राजे १४:३). हे वाचून कोणी विचारील, दावीदाचे पाप अमस्याच्या पापाहून लहान होते काय? उरीयाची बायको घेतली, उरीयास मारविले. याहून मोठे ते काय? पण नाथान संदेष्टा आला आणि त्याने दावीदाकडे बोट केले, तेव्हा दावीदाने त्यास त्याचा अधिकार विचारिला नाही, मी परमेश्वराचा अपराध केला आहे, एवढेच तो म्हणाला (२ शमु. १२:१३). पूर्ण मन म्हणजे जे कधी पडले नाही ते मन नव्हे. ज्याच्या कोणत्याही खोलीत शिरण्यास देवाच्या शब्दास मज्जाव नाही, ते पूर्ण मन. हा भेद आपल्या गरीब, अडखळणाऱ्या विश्वासणाऱ्यांस अवश्य सांगावा. नाहीतर ‘पूर्ण मन’ हा शब्द ऐकूनच ते निराश होतात आणि म्हणतात की, हे आम्हां संसारी माणसांचे काम नव्हे.

याच्या उलट, बरे वागणारे लोक या शब्दाने सावध व्हावे. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदा सदन काढिले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवांसाठी त्या झिजल्या, लोकांचे बोल सोसले. आपणांपैकी कितीकांच्या हातून त्याचा दहावा हिस्सा घडला आहे? तरी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत बाईंनी लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांस उमगले की आपण ख्रिस्ती धर्मापाशी पोहोचलो खरे, पण त्या धर्माचा जो धनी त्याची व आपली भेट अजून झालीच नव्हती. एवढ्या मोठ्या बाईस हे कबूल करिताना लाज वाटली नाही. दुसऱ्या भेटीच्या वेळी त्यांनी दार उघडिले, आणि केडगावचे पुढील सर्व कार्य त्या उघड्या दारातून झाले.

अमस्याची राहिलेली कथा थोडक्यात सांगता येते. त्याने इस्राएलाचा राजा योवाश (हे त्याच्या बापाचेच नाव, पण मनुष्य वेगळा) यास लढाईचे आव्हान दिले. योवाशाने लबानोनातील काटेझुडपाची व गंधसरूची गोष्ट सांगून त्यास घरी बसण्यास सुचविले. गोष्ट बोचरी होती, पण सल्ला खरा होता. देव कधीकधी उद्धट माणसाच्या तोंडूनही इशारा देतो. अमस्याने मानिले नाही. यरुशलेमेच्या पश्चिमेस सुमारे आठ कोसांवर बेथ-शेमेश येथे यहूदाचा मोड झाला व राजा धरिला गेला. यरुशलेमेचा तट ४०० हात, म्हणजे सुमारे ६०० फूट, पाडण्यात आला, आणि देवाच्या मंदिरातील सोने-रुपे इस्राएलाच्या सैन्याने नेले. १०० किक्कारांसाठी जो हळहळला त्याचा सगळा खजिनाच गेला. त्यानंतरही तो पुष्कळ वर्षे जगला. शेवटी त्याच्याच लोकांनी फितुरी करून लाखीशापर्यंत पाठलाग केला व तेथे त्यास मारिले.

या पाठावरून कोणी असा समज करून घेऊ नये की आज्ञापालन हे तारणाचे मोल आहे, आणि मोल कमी पडल्यामुळे अमस्या बुडाला. आपले मोल दुसऱ्याने भरिले आहे. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेही खर्च पाहिला. प्याला टळावा असे मागितले. इतका घाम गाळिला. पण मागितल्यावर त्याने काही हातचे राखिले नाही, आणि वधस्तंभापर्यंत आज्ञांकित राहिला (फिलिप्पै २:८). जो आपणांस आज्ञा देतो तो स्वतः तिच्याखाली गेला आहे. म्हणून हुंड्याच्या रकमेने अडलेल्या त्या बापास, किंवा भट्टीवाल्यास, आपण वरून हुकूम सांगत नाही. त्याच्याजवळ बसून आपण त्यास दाखवितो की ज्याच्यासाठी हा तोटा सोसावयाचा तो कोण आहे. आणि जमल्यास मंडळीने त्या तोट्याचा वाटा उचलावा. व्याजाचा एक हप्ता मंडळीने भरिला तर त्या उपदेशाचे वजन वाढेल.

शिकविणाऱ्या बंधूंस एक सूचना. हा अध्याय एका बैठकीत उरकू नये. पहिल्या संध्याकाळी नवव्या वचनातील राजाच्या प्रश्नापाशी थांबावे, पुस्तक मिटावे आणि लोकांस विचारावे की राजाने काय करावे. म्हाताऱ्यांस बोलू द्यावे, स्त्रियांस अगोदर विचारावे, कारण घरातील पैशाची झळ त्यांस आधी लागते. उत्तर आपण देऊ नये. दुसऱ्या संध्याकाळी तेराव्या वचनापासून पुढे वाचावे व दोन भेटी एकापुढे एक ठेवाव्या. ज्यांस वाचता येते त्यांच्याकडून २ शमुवेल १२ मधील नाथानाचा भाग वाचून घ्यावा. किक्काराचा हिशेब जमिनीवर खडूने करून दाखविला तर मुलांच्या ध्यानात राहतो. पुढील आठवड्यास अध्याय २६ घेऊ. अमस्याचा पुत्र उज्जीया १६ वर्षांचा असता गादीवर बसला, तेथून आरंभ आहे. तो अध्याय घरी वाचून यावे.